उजळलेले क्षितिज आणि घाटमाथ्याचे पाणी

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडले की डावीकडे उजनी जलाशयाचा फुगवटा दिसू लागतो. त्याच्या काठाने पुढे गेल्यावर इंदापूर तालुक्यातील डाळज लागते. नकाशात ते डाळज क्रमांक एक, दोन आणि तीन असे विभागलेले आहे. रात्री महामार्गावरील ढाब्यांचे आणि पेट्रोलपंपांचे दिवे सोडले, तर जलाशयाच्या बाजूला अंधारच असतो. त्या अंधारात मधूनच एखाद्या विजेरीचा झोत हलताना दिसतो. उसाला किंवा केळीला पाणी धरायला निघालेला तो शेतकरी असतो. शेतीपंपांचा थ्री-फेज वीजपुरवठा ज्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला येतो, त्या आठवड्यात त्याला झोप मिळत नाही. साप, विंचू आणि अलीकडे बिबट्या यांची भीती असली, तरी पाळी चुकवून चालत नाही.

येथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या मुंबईची रात्र निराळी आहे. लोअर परळ, वरळी आणि प्रभादेवी या एकेकाळच्या गिरणगावात गेल्या वीस वर्षांत जे मनोरे उभे राहिले, त्यांच्या माथ्यांवर रोज सायंकाळी रोषणाई उजळते. २००९च्या ३० जून रोजी खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचे तारांचे पंखे राष्ट्रीय सणांना तिरंगी होतात. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीतून हे सारे दृश्य सलग पाहता येते. देशाच्या आर्थिक राजधानीला साजेसे क्षितिज मुंबईला आता लाभले, असे कौतुक नेहमी होते, आणि ते अगदीच अनाठायी नाही. तथापि या क्षितिजाचा पाया कोणत्या जमिनीवर आणि त्याचा उजेड कोणत्या पाण्यावर उभा राहिला, हा प्रश्न त्या झगमगाटात सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधू जाता वाट घाट चढून थेट डाळजच्या जलाशयापर्यंत येते.

मुंबईला मोठ्या प्रमाणावर वीज मिळाली ती रस्त्यावरील दिव्यांसाठी नव्हे, तर गिरण्यांसाठी. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरवून खोपोलीच्या वीजगृहात सोडण्याचा टाटांचा प्रकल्प १९१५ साली सुरू झाला, तेव्हा त्याचे प्रमुख ग्राहक मुंबईतील कापड गिरण्याच होते. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहराला ही वीज स्वच्छ आणि स्वस्त वाटली, यात नवल नाही. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजगृहे आली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण हवे होते आणि मुळशी खोऱ्यातील मावळ्यांना ते नको होते. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला, सेनापती बापट यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला मुळशी सत्याग्रह हा त्या विरोधाचा इतिहास आहे. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि फसला. धरण झाले, भातशेती बुडाली, गावे उठली. धरणग्रस्तांचा लढा हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी तो महाराष्ट्रात लढला गेला होता.

येथे भूगोलाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंद्रायणी, आंध्रा आणि मुळा या पूर्ववाहिनी नद्या आहेत. त्यांचे पाणी स्वभावतः भीमेला मिळावे आणि भीमेतून उजनीत यावे. वीजगृहांसाठी हेच पाणी अडवून पश्चिमेकडे वळवले जाते. तेथे वीज निर्माण करून ते कोकणात उतरते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडील वळणाला जी मर्यादा घालून दिली, ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला ४२ अब्ज घनफुटांच्या (टीएमसी) आसपास पडते. उजनीचा जिवंत साठा साधारण ५३ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. पश्चिमेला जाणारे हे पाणी भीमेच्या खोऱ्यात ठेवावे, ही मागणी पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत वेळोवेळी होत असते. निवडणुका जवळ आल्या की तिला जोर चढतो आणि पाऊस बरा झाला की ती विसरली जाते, हा भाग वेगळा.

अर्थात आजची मुंबई केवळ या पाण्यावर उजळते, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. टाटांच्या जलविद्युत केंद्रांची एकत्रित क्षमता ४४७ मेगावॅट आहे. शहराची कमाल मागणी अलीकडच्या उन्हाळ्यांत ४,००० मेगावॅटच्या पुढे गेली आहे. बहुतांश वीज औष्णिक केंद्रांतून आणि राज्याबाहेरूनही येते. मात्र जलविद्युत काही मिनिटांत सुरू करता येते, आणि म्हणूनच संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी किंवा आणीबाणीत तिचे मोल मोठे ठरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई काही तास अंधारात बुडाली, तेव्हा वीज पूर्ववत करताना घाटाखालच्या याच केंद्रांचा आधार झाला.

आता जमिनीकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरातील कामगार उतरले. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि शहराच्या ऐन मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याला एक उत्तर दिले होते. गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे, अशी ती विभागणी होती. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशाही दाखवली. एवढ्या मोठ्या जमिनीचे शहरासाठी एकसंध नियोजन करण्याची अशी संधी मुंबईला पुन्हा येणार नव्हती.

ती संधी एका दुरुस्तीने गेली. २००१ मध्ये नियम बदलला आणि विभागणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, इमारती पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीची नाही, असा अर्थ पुढे आला. गिरणी म्हणजे मुख्यतः इमारती, हे सांगायला नगररचनाकाराची गरज नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याआधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी आणि दादरच्या कोहिनूर मिलला ४२१ कोटी रुपये आले. एवढ्या किमतीला घेतलेल्या जमिनीवर मजले चढवण्यावाचून बिल्डरलाही पर्याय नव्हता. आज मुंबईच्या क्षितिजाला जी उंची आली आहे, ती वास्तुशास्त्राच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा जमिनीच्या या हिशेबाने आलेली आहे.

माथ्यावरच्या रोषणाईचाही हिशेब तोच. रात्री उजळलेला मनोरा ही त्याच मनोऱ्यातील सदनिकांची जाहिरात असते. कित्येक मनोऱ्यांचे मुकुट झळकत असतात आणि खालच्या मजल्यामागून मजल्यांच्या खिडक्या काळ्या असतात. ती घरे राहण्यासाठी नव्हे, गुंतवणुकीसाठी घेतलेली असतात. घर हवे असलेल्यांची रांग दुसरीकडे आहे. म्हाडाकडे दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाल्यापासून पंधरा हजारांच्या आसपास घरे सोडतीत आली. उरलेल्यांना कर्जतच्या वाटेवरील वांगणी आणि शेलू येथे घरे देण्याचे धोरण २०२४ मध्ये आले. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी त्याला विरोध केला आणि घर मुंबईतच हवे, अशी मागणी केली. शेलूच्या पुढे दोन स्थानकांवर भिवपुरी रोड आहे. ज्या वीजगृहाने कधीकाळी गिरण्यांचे माग चालवले, त्याच्या परिसराकडे गिरणी कामगाराची पाठवणी होत आहे, आणि गिरणीच्या जागेवर तीच वीज दर्शनी भागाचे रंग बदलते आहे.

सार्वजनिक रोषणाईची कथा थोडी वेगळी, पण वळण त्याच दिशेचे. २०१५ च्या सुरुवातीस मरिन ड्राइव्हवरील सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी दिवे बसवण्यात आले. वीजबचतीच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. पण 'राणीच्या रत्नहारा'ची झळाळी गेली म्हणून गदारोळ उडाला आणि अखेर पिवळसर छटा परत आणण्यात आली. उजेड नुसता असून भागत नाही, तो कसा आहे हेही नागरिकांना कळते, हा त्या वादाचा अर्थ होता. महापालिकेने तो लक्षात ठेवला असे दिसत नाही. २०२२ च्या अखेरीस हाती घेतलेल्या सुमारे १,७०० कोटी रुपयांच्या सौंदर्यीकरण मोहिमेत खांब, पूल, भिंती आणि झाडे यांना रंगीत दिव्यांनी वेढण्यात आले. झाडांच्या बुंध्यांना आणि फांद्यांना गुंडाळलेल्या दिव्यांचा प्रश्न मग जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये महापालिकेवर ते उतरवण्याची वेळ आली.

प्रकाशाच्या प्रदूषणाला आळा घालणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. फ्रान्सने जुलै २०१३ पासून दुकानांच्या दर्शनी खिडक्यांतील आणि कार्यालयांतील दिवे मध्यरात्रीनंतर बंद करण्याची सक्ती केली. शिकागो आणि टोरांटोमध्ये स्थलांतराच्या ऋतूत उंच इमारतींचे शोभेचे दिवे मालवण्याच्या मोहिमा १९९० च्या दशकापासून चालू आहेत, कारण रात्री उडणारे पक्षी त्या प्रकाशाने भरकटून काचांवर आदळतात. हाँगकाँगने २००४ पासून आपल्या गगनचुंबी इमारतींचा रोज प्रकाशखेळ मांडला. पर्यटनासाठी मुंबईच्या नियोजनकर्त्यांना हे तिसरे उदाहरण जवळचे वाटते. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि खाडीच्या दोन्ही काठांवर नव्या इमारती उभ्या राहत आहेत. रोहित डाळजजवळच्या उजनीच्या उथळ पाण्यातही उतरतात. भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांचा हिवाळी रोजगार त्यांच्यावरच चालतो. पहिली दोन उदाहरणे नजरेआड करणे म्हणूनच परवडणारे नाही.

मुंबई आणि ग्रामीण महाराष्ट्र यांतील विजेचे अंतर २००५ नंतरच्या काही वर्षांत जितके उघडे पडले, तितके पूर्वी कधी पडले नव्हते. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, ते टंचाईच्या काळातच. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन होते, मुंबई त्यातून मुक्त होती. उद्योगांच्या जनित्रांतील वीज आणि ग्राहकांवरील अधिभार यांची सांगड घालून २००६ मध्ये पुण्याने आपली सुटका करून घेतली. खेड्यांसाठी आली ती अक्षय प्रकाश योजना. गावाने संध्याकाळी शेतीपंप स्वखुशीने बंद ठेवायचे, म्हणजे घरातले दिवे चालू राहतील, असा तो करार होता. शहराने पैसे मोजून अंधार टाळला, गावाने पाणी सोडून. पुढे गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या. घरातला दिवा वाचला आणि शेतीची वीज रात्रीवर ढकलली गेली.

म्हणून गावांना झगमगाटाचा मोह नाही, असे समजू नये. आमदार-खासदार निधीतून उभारलेला हायमास्ट दिवा आज कोणत्याही चौकात दिसतो. त्याचे उद्घाटन करणारे अनेक, बिल भरणारी एकटी ग्रामपंचायत. २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यभरातील हजारो गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली, तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिले भरण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. गटारे आणि पाणीयोजनांसाठी आलेला पैसा असा विजेच्या बिलात गेला. दीडच वर्षाने राजधानीत शोभेच्या दिव्यांची मोहीम निघाली.

शोभेच्या दिव्यांना लागणारी वीज एकूण मागणीत फार मोठी नाही, एलईडीमुळे ती आणखी कमी झाली, हा युक्तिवाद खरा आहे. मुंबईचे मनोरे मालवले म्हणून डाळजच्या शेतीपंपाला दिवसा वीज मिळेल, असेही नाही. तिथला प्रश्न उपकेंद्रांचा, रोहित्रांचा आणि वाहिन्यांच्या क्षमतेचा आहे. दिवसा विजेसाठी २०१७ मध्ये आणि नव्या रूपात २०२३ मध्ये आलेली सौर कृषी वाहिनी योजना जिथे पोचली, तिथे फरक पडतो आहे. प्रश्न प्राधान्याचा आहे. जमीन कोणाला, पाणी कोणाला आणि दिवसाची वीज कोणाला, हे ठरवताना शंभर वर्षांत एकाच बाजूने झुकते माप पडत गेले आणि त्याचे दृश्य रूप रात्री आठ वाजता वरळीच्या समुद्रावरून दिसते.

मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा रस्त्याचे दिवे लागले, तेव्हा उजनीचा जिवंत साठा आधीच संपलेला होता. जूनच्या सुरुवातीला धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले, म्हणजे मृत साठ्यातूनही निम्म्याच्या आसपास पाणी उपसले गेले. पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडले आणि ते पाहायला पर्यटक येऊ लागले. काठावरच्या शेतकऱ्यांनी मागे हटलेल्या पाण्यापर्यंत गाळातून चाऱ्या खोदल्या, पाइपला पाइप जोडले आणि मोटारी पुढे सरकवल्या. रात्री वीज आली की ती मोटार चालू करायला त्याच गाळातून चालत जावे लागत होते.