लिनक्सच्या स्टोअरमधलं ॲप म्हणजे सेफच, असं कोण म्हणालं?



विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, दुकानातल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं तर चालेल ना?" चालेल की. माझ्या स्वतःच्या काउंटरवर लिनक्स मिंट आहे. पण त्याच्या पुढचं वाक्य ऐकलं की मी थांबवतो. "लिनक्सला व्हायरस येत नाही, स्टोअरमधून काहीही टाका, बिनधास्त."

बिनधास्त? नाही हो.

2024 च्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगतो. उबंटूच्या स्नॅप स्टोअरमध्ये एक्सोडस या क्रिप्टो वॉलेटच्या नावाचं बनावट ॲप होतं. एका माणसाने ते टाकलं, ॲपने रिकव्हरीचे बारा शब्द मागितले, त्याने ते टाईप केले. नऊ बिटकॉइनहून जास्त रक्कम गेली, त्या वेळच्या भावाने पाच लाख डॉलरच्या जवळपास. आणि गंमत बघा, स्टोअरमध्ये त्या ॲपसमोर 'सेफ' असं लिहिलेलं होतं! ते तांत्रिक अर्थाने खोटंही नव्हतं. ॲप बंदिस्त डब्यात चालत होतं, तुमच्या बाकीच्या फायलींना हात लावू शकत नव्हतं. पण तिजोरीची किल्ली तुम्हीच त्या डब्यात टाकलीत, तर डबा कितीही पक्का असून काय उपयोग? पुढच्याच महिन्यात कॅनॉनिकलने, म्हणजे हे स्टोअर चालवणाऱ्या कंपनीने, नवीन ॲपची नावं माणसांकडून तपासून घ्यायला सुरुवात केली.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. 2018 मध्ये त्याच स्टोअरमधल्या एका साध्या गेममध्ये क्रिप्टो मायनर सापडला होता. तुम्ही गेम खेळता, वीजबिल तुमचं, कमाई दुसऱ्याची.

आता माझं घरचंच सांगतो. गेल्या वर्षी भाचा सुट्टीत दुकानात बसायचा. त्याला काउंटरच्या पीसीवर व्हॉट्सॲप हवं होतं. लिनक्ससाठी व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाहीच. स्टोअरमध्ये जी दिसतात ती दुसऱ्याच कोणीतरी बनवलेली. मिंट 22 पासून तर पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक दाखवतच नाही, पण या पठ्ठ्याने सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय सुरू केला, ॲप टाकलं आणि दुकानाच्या नंबरचा क्यूआर स्कॅन केला. माझ्या सगळ्या ग्राहकांच्या ऑर्डरी, पत्ते, पेमेंटचे स्क्रीनशॉट, सगळं एका अनोळखी माणसाच्या ॲपमधून जायला लागलं. मला आठ दिवसांनी कळलं. नुकसान काही झालं नाही, बनवणारा प्रामाणिक असेलही. पण ते नशीब होतं, आणि नशिबावर मी उधारीसुद्धा देत नाही. लगेच फोनमधून ते डिव्हाइस लॉगआउट केलं. आता व्हॉट्सॲप ब्राउझरमध्येच चालतं, काही अडत नाही.

पोराला ओरडलो नाही, कारण चूक माझी होती. इन्स्टॉल करायचा पासवर्ड मीच त्याला दिला होता.

मग माझं मत काय? लिनक्समध्ये 'स्टोअर' या एकाच खिडकीत दोन वेगळे माल दिसतात. एक, डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातला. डेबियन, उबंटू, मिंटवाल्यांनी तो पॅक केलेला असतो, त्यावर डिजिटल सही असते, त्याची जबाबदारी कोणाकडे तरी असते. लिबरऑफिस, जिम्प असल्या गोष्टी तिथून डोळे झाकून घ्या. दुसरा माल फ्लॅटहब किंवा स्नॅपवरचा. तिथे मूळ कंपनीही ॲप टाकते आणि बाहेरचा हौशी माणूसही. फ्लॅटहबवरचं गुगल क्रोम घ्या, ते गुगलने टाकलेलं नाही, समुदायातल्या लोकांनी पॅक केलंय. म्हणून क्रोम हवंच असेल तर गुगलच्या साइटवरूनच उतरवा.

नावासमोरची व्हेरिफाइडची खूण बघाच, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. पाकिटावरच्या एफएसएसएआय नंबरसारखं आहे ते. माल कोणाचा ते कळतं, चव कशी ते नाही.

काही जण म्हणतील, "सर, ओपन सोर्स आहे, हजारो लोक कोड बघतात." बघतात, नामांकित प्रोजेक्टचा. कालच अपलोड झालेल्या, तीन डाउनलोडवाल्या 'जीएसटी बिल मेकर'चा कोड कोण बघत बसणार? बरं, त्या बनावट वॉलेटचा कोड तर कोणाला दिसतच नव्हता.

आणि बँक, यूपीआय, क्रिप्टो, जिथे पैसा आहे तिथलं ॲप मी कुठल्याच लिनक्स स्टोअरमधून घेत नाही, खूण असो वा नसो. नेटबँकिंग ब्राउझरमध्ये, तेही बँकेचा पत्ता स्वतः टाईप करून.

आज दुकान बंद करताना दहा मिनिटं द्या. काउंटरच्या पीसीवर काय काय टाकलंय त्याची यादी उघडा. जे कोणी टाकलं ते आठवत नाही, ते काढा. फोनवर व्हॉट्सॲपमधले लिंक्ड डिव्हाइसेस बघा. आणि पासवर्ड भाच्याला माहीत असेल, तर तोही बदला.