प्रवास की पाठवणी?

दिवाळी जवळ आली की सहलकंपन्यांच्या जाहिरातींचे पेव फुटते. तुम्ही फक्त बॅग भरा, बाकीचे आमच्यावर सोडा, असा त्या सर्वांचा मथितार्थ असतो. आणि तो वाचून आमच्या मध्यमवर्गाला केवढे हायसे वाटते! आमचा वाद आहे तो या ‘बाकीच्या’शी. बॅग भरणे हा प्रवासातला सर्वांत क्षुद्र भाग. तेवढाच काय तो प्रवाशाने करायचा असेल, तर त्याला प्रवास का म्हणावे? नवरीची पाठवणी करतात, आंब्याची पेटी रवाना करतात, तशातलाच हा प्रकार.

टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी दारूबंदीच्या मेळाव्यासाठी सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. एरवी ज्यांना गाव सोडणे परवडले नसते अशांची त्याने सोय केली, हे पुण्य आम्ही नाकारीत नाही. पण आमच्याकडे या सोयीचा लाभ घेतात ते परवडत नाही म्हणून नव्हे. विचार करावा लागू नये म्हणून.

स्वतः आखलेल्या प्रवासाची गोष्ट सांगायला युरोपात जाण्याचे कारण नाही. बदामी-हंपीचेच घ्या. सोलापूरहून निघावे, विजापूर, बदामी, गदग, होस्पेट असे उतरत जावे आणि बळ्ळारी-गुंतकल-वाडीवरून पुन्हा सोलापुरास यावे. नकाशावर बोट फिरवा, वर्तुळ पुरे होते. अशा फेरीसाठी रेल्वेचे चक्रीय प्रवासाचे तिकीट असते. त्यावर वाटेत आठ ठिकाणी उतरता येते आणि सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. मात्र आपल्या मनाचा मार्ग असेल तर तो लिहून द्यायचा, कार्यालयाकडून मंजूर करून घ्यायचा आणि मग टप्प्याटप्प्याचे आरक्षण वेगळे करायचे. त्यातून १ नोव्हेंबर २०२४ पासून हे आरक्षण एकशेवीस नव्हे, साठच दिवस आधी उघडते. बदामीचे स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर दूर. बदामी आणि ऐहोळे येथली पुरातत्त्व खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद. म्हणजे शुक्रवार कोठे खर्चायचा हे ठरल्याशिवाय ना गुरुवार ठरतो, ना शनिवार. कटकट आहे, हे कोण नाकारतो?

पण या कटकटीतूनच माणूस वाचू लागतो. शुक्रवारचे काय करावे या विवंचनेत त्याला ऐहोळ्याची मेगुटी टेकडी सापडते. वरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीने शके ५५६ मध्ये, म्हणजे इ. स. ६३४ च्या सुमारास, रचलेली दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे. तीत नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख येतो. आपल्या देशनामाचा इतका जुना दाखला डोक्यावर उभा असतो, आणि सहलीची बस खाली दुर्गमंदिरापुढे तासभर थांबून चालती होते! हंपीतही तेच. विठ्ठलमंदिराकडे गाडीरस्ता आहे, तशी विरूपाक्षाच्या बाजारपेठेपासून तुंगभद्रेच्या काठाकाठाने जाणारी पायवाटही आहे, अर्ध्यापाऊण तासाची. पंढरीची मूर्ती विजयनगरास नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा ऐकत आपण वाढलो. त्या रिकाम्या गाभाऱ्यापाशी बॅटरीच्या गाडीतून जावे आणि शिट्टी वाजली म्हणून दहा मिनिटांत फिरावे?

आता विरोधकांचा सर्वांत बिनतोड मुद्दा घेऊ. घरची बाई वर्षभर राबते. सहलीत तरी तिला आयते ताट मिळते. खरे आहे, आणि म्हणूनच लाजिरवाणे आहे. आठ दिवस तिला ताट वाढण्यासाठी परक्यांना पैसे मोजावे लागतात, याचा अर्थ उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस घरातला कोणी पुरुष जागचा उठत नाही. शिवाय कंपनीने ताट दिले, तरी कोठे जायचे नि कोठे रेंगाळायचे हे तिला विचारले नाही. घरातही कोणी विचारीत नव्हतेच. एकदा वेळापत्रक आणि नकाशा तिच्या हाती द्या. ज्या गृहिणीने महिन्याचा खर्च तीस वर्षे बिनचूक जुळवला आहे, तिला पाच गावांचा मेळ घालणे अवघड जाईल असे मानणारे महाभाग धन्यच म्हणायचे.

गुडघ्यांनी जबाब दिला असेल त्यांनी कंपनीबरोबर खुशाल जावे. आमचे भांडण आहे ते कचेरीत कोट्यवधींची अंदाजपत्रके लीलया हाताळणाऱ्या, पण होस्पेटहून हंपीची बस कोठून सुटते हे चारचौघांत विचारायला बिचकणाऱ्या धडधाकट गृहस्थांशी. या गृहस्थांना हल्ली नवा आधार सापडला आहे. मोबाइलला विचारावे, तो क्षणात पाच दिवसांचा आराखडा हजर करतो. विचारायला हरकत काहीच नाही. पण आईला किती पायऱ्या चढवतील, धाकट्याला गुहांपेक्षा माकडेच जास्त आवडतील, हे त्याला सांगावे लागते. आणि सांगायचे तर आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही ते ठाऊक नसते, ही गोम पुष्कळदा अशा वेळी बाहेर पडते.

बेत फसतो, असेही म्हणतात. फसतोच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले. बेत इतका सपशेल फसलेला दुसरा मराठी प्रवासी शोधून काढणे कठीण. पण १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी त्यांची हकीकत छापली, तिच्या ‘माझा प्रवास’ या नावातला पहिला शब्द खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही.

परवा बदामीहून सहलीतून परतलेले एक गृहस्थ भेटले. बदामी कशी वाटली, असे आम्ही विचारले.

“व्यवस्था उत्तम होती,” ते म्हणाले.