तोंडी नकार स्वीकारू नका!

मुंबईत घर परवडत नाही म्हणून आपला माणूस कल्याणच्या पुढे सरकत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत आला. इथेही एजंट आधी आडनाव विचारतो आणि रिकामी खोली ‘कालच गेली’ म्हणून सांगतो. बँकेतला साहेब कागद चाळून ‘तुमचे होणार नाही’ म्हणतो. दोन्ही नकार तोंडी, हीच खरी गोम आहे.

भाडे नाकारण्याचे कारण घरमालकाने लेखी द्यावे, असा कायदा नाही. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना काढायला लोक लाठ्या घेऊन आले होते. आजचा मालक गोड हसतो, एवढाच फरक! अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरला, पण पुरावा लागतो. म्हणून फोनवरचे संदेश जपा, सोबत साक्षीदार न्या.

बँकेचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या संहितेप्रमाणे अर्जाची पोच द्यावी लागते. नकाराचे मुख्य कारण लेखी कळवण्याचे बंधन तेव्हा दोन लाखांपर्यंतच्या कर्जालाच होते, ते २००७ पासून सर्व कर्जांना लागू झाले. शिवाय अनुसूचित जातीच्या अर्जदाराला शाखाधिकाऱ्याने परस्पर नाकारायचे नाही, तो निर्णय वरच्या अधिकाऱ्याने कारणासह घ्यायचा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. मग लेखी नकार हाती का पडत नाही? कारण अर्जच घेतला जात नाही. जो अर्ज आलाच नाही, तो नाकारला कसा जाईल? साहेबांची वही स्वच्छ!

आपलेही चुकते. अर्जावर नुसते ‘बौद्ध’ लिहिले की बँक अल्पसंख्याकांच्या रकान्यात टाकून मोकळी होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला जोडा. काही तरुणांना हे तत्त्वाला बाधते असे वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. धम्म आपला आहे, हक्क संविधानाचा आहे.

कारण हाती आले की नीट वाचा. ‘सिबिल’ असेल तर २००५ च्या पत माहिती कायद्याखाली बँकेने पाहिलेल्या अहवालाची प्रत मागा. अहवालातली चूक तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. कारण मालमत्तेच्या कागदांचे असेल तर दोष तुमचा नव्हे. निर्वासितांच्या छावण्यांतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात अनधिकृत बांधकामांसाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तिथे बिल्डरला जाब विचारा.

आणि नुसते ‘धोरणात बसत नाही’ लिहिले असेल तर ते कारणच नव्हे. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे ‘कर्ज का दिले नाही’ ही तक्रार टिकत नाही. ‘कारण का दिले नाही’ अशीच तक्रार लिहा, आणि सोबत पोच जोडा.