पाटीवरची सरस्वती

विजयादशमीस घरोघरी पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते. ती काढावयास ज्यांनी मुलांच्या पिढ्या शिकविल्या, ते गुरुजी ५८ व्या वर्षी निवृत्त होऊन खडूऐवजी कुंचला हाती धरतात, तेव्हा मात्र घरच्यांच्या कपाळास आठ्या पडतात. ‘नामस्मरण सोडून हे काय आरंभिले?’ असे कीर्तनानंतर आम्हांसही विचारले जाते. विचारणारे बहुधा चिरंजीवच असतात, आणि त्यांच्या मनात रंगांच्या नळ्यांचा खर्चही असतो!

आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडातील चित्रसूत्र चित्रास सर्व कलांत श्रेष्ठ मानते आणि चारी पुरुषार्थ देणारे म्हणते. त्यांत मोक्षही आला. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढून मुलांना शिकविले. पुढे हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळींतून आकृती काढता काढता ते चित्रांकडे वळले. १९३० साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांची चित्रे २,००० हून अधिक आहेत.

जन्मभर इतरांच्या वह्या तपासलेल्या मनुष्यास आता स्वतःची चुकलेली रेघ रोज पाहावी लागते. अहंकार झिजविणारे याहून कठीण साधन आम्ही तरी कीर्तनात सांगू शकलेलो नाही.

येत्या दशमीस पोथ्यांशेजारी गुरुजींची रंगपेटीही पाटावर मांडावी. आणि चिरंजीवांनी खिडकीजवळची उजेडाची जागा त्यांना मोकळी करून द्यावी.