कापसाचा ओलावा आणि यंत्राचा न्याय

कृत्रिम बुद्धिमत्ता मनुष्याची जागा घेईल काय, याची चर्चा हल्लीं घरोघर चालते. प्रश्न मोठा आहे खरा. परंतु आम्हां वऱ्हाडवासीयांपुढें त्याहून जवळचा एक प्रश्न उभा आहे. यंत्रानें दाखविलेला आंकडा ज्याच्या घामाची किंमत ठरवितो, त्या शेतकऱ्यास तो आंकडा तपासून पाहण्याचा हक्क आहे कीं नाहीं?

मापाचा वाद आपल्याकडे नवा नव्हे. १८८६ सालीं कारंज्याच्या कापूस-बाजारास नियमन लागू झालें आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. भारतांत बाजारांच्या नियमनाचा आरंभ येथूनच झाला असें मानतात. त्या काळीं शेतकऱ्याची नजर तराजूच्या दांडीवर असे. आज ती मॉइश्चर मीटरच्या आंकड्यावर खिळलेली असते.

या आंकड्याचें मोल किती, तें पाहा. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा शेंकडा ८ पर्यंत असल्यास पूर्ण भाव. त्यापुढें दर टक्क्यास भावांत एक टक्का कपात. आणि १२ च्या वर खरेदीच नाहीं. वीस क्विंटल कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यास आठाऐवजीं अकराचा आंकडा दिसला, तर त्याचे ४,८०० रुपयांहून अधिक कमी होतात. अमरावती-अकोल्याच्या कोरडवाहू कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे.

यंत्राचे कैवारी म्हणतात कीं, पूर्वीं हातानें कापूस दाबून ओलावा ठरवीत, त्यांत पारखणाऱ्याची मर्जी चाले. यंत्रास मर्जी नसते. शेतकरी म्हणतो, एकाच गाडींतल्या दोन मुठींचे आंकडे निराळे येतात, मग खरा कोणता? आमच्या मतें दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. कोरडा कापूस विजेस जवळजवळ अडवितो. ओल्या कापसांतून ती अधिक सुलभतेनें वाहते. या फरकावरून पुष्कळशीं यंत्रें ओलावा दाखवितात. परंतु कापूस हवेंतील दंव शोषून घेतो. गाडीचा वरचा थर उन्हानें सुकतो, मधला दमट राहतो. आणि कापूस सैल धरला कीं घट्ट दाबला, यानेंही आंकडा बदलतो. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नव्हे. एकाच मुठीवरून निकाल देण्याच्या घाईचा आहे. गाडीच्या निरनिराळ्या भागांतून मुठी घ्याव्या, त्यांची सरासरी काढावी, आंकडा शेतकऱ्यास दिसेल असा धरावा आणि यंत्राची वेळोवेळीं पडताळणी व्हावी, एवढीच आमची मागणी आहे.

हाच न्याय मोबाईललाही लागू आहे. त्याच हंगामांत भारतीय कापूस महामंडळानें हमीभावाच्या विक्रीसाठीं ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी आवश्यक केली. घरबसल्या नोंदणी होणें ही सोयच होय. परंतु ज्या वृद्ध शेतकऱ्यास अक्षरओळख बेताची, ज्याच्या गांवीं मोबाईलला रेंज नाहीं, त्यास आपल्याच कापसासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. सोय जेव्हां सक्ती होते, तेव्हां जो मागें राहतो त्याच्यासाठीं बाजार-समितींत एक खिडकी व एक मनुष्य असलाच पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, येथें आपलेंही कर्तव्य आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत शंभर ग्रॅम कापूस तोलावा, ओव्हनमध्यें पूर्ण सुकवावा व पुन्हां तोलावा. नऊ ग्रॅम वजन घटलें तर ओलावा शेंकडा नऊ. ज्या मुलामुलींनीं हें एकदां स्वतः केलें, त्यांना यंत्राचें भयही राहत नाहीं आणि त्याचा अंधविश्वासही राहत नाहीं. पालकांनींही मुलांस केंद्रावर बरोबर न्यावें, आंकडा मोठ्यानें वाचावयास सांगावें व पावती जपून ठेवावी.

बायबलांतील नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा कडक निषेध आहे. तराजू जाऊन विजेचें यंत्र आलें, म्हणून तो निषेध जुना झाला नाहीं. यंत्र अचूक असूं शकतें. न्यायी मात्र तें वापरणाऱ्या माणसालाच व्हावें लागतें.