मूक विनोद : आधीं कोणता पाहावा?

जुने विनोदी मूकपट मुलाबाळांस दाखवावे, अशी सद्बुद्धि हल्लीं कांहीं सुशिक्षित घरांत उपजूं लागली आहे. ती स्तुत्य होय. परंतु मुहूर्त मात्र हटकून चुकतो. कोणा जाणत्यानें श्रेष्ठ चित्रपटांची यादी हातीं दिलेली असते, आणि आरंभ होतो तो थेट चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'नें (१९३१) किंवा कीटनच्या 'द जनरल'नें (१९२६). अर्ध्या तासांत मुलें उठून जातात, आणि त्यांच्या अभिरुचीस नांवें ठेवून वडीलमंडळी मोकळी होतात. आम्हांस हा न्याय मुळींच मान्य नाहीं.

'सिटी लाइट्स'ची थोरवी आम्हीही जाणतों. पण त्याचा शेवट हृदयास भिडण्यासाठीं, तो ढगळ विजारीचा भणंग आपण आधीं दहा वेळां पडतांना, मार खातांना आणि टोपी सांवरून उठतांना पाहिलेला असावा लागतो. १९३१ सालच्या प्रेक्षकाशीं त्याची सतरा वर्षांची ओळख होती. आमच्या मुलांशीं एका दिवसाचीही नाहीं. परक्याच्या दुःखावर हुकमी रडा, असें मुलांस कोण सांगणार?

तेव्हां आधीं दोन रिळांचे लघुपटच लावावे. 'ईझी स्ट्रीट'मध्यें (१९१७) चॅप्लिन शिपाई होतो. गल्लींतला आडदांड गुंड बळ दाखविण्यासाठीं रस्त्यावरचा दिवा वांकवितो, आणि आमचा शिपाई तोच दिवा त्याच्या डोक्यांत अडकवून गॅस सोडतो! कीटनच्या 'वन वीक'मध्यें (१९२०) नवपरिणित जोडपें आंकडे घातलेल्या खोक्यांवरून घर उभारतें. दुष्ट प्रतिस्पर्ध्यानें आंकडे बदललेले असल्यामुळें घर वांकडें होतें, आणि वादळांत भोंवऱ्यासारखें गरगरतें. तासाभरांत दोन्ही आटोपतात. मधल्या पाट्या थोड्या, म्हणून इंग्रजी न वाचणारी आजीही नातवाच्या बरोबरीनें हसते. हावभावांची भाषा आपल्याला परकी नाहींच. काष्टीचा जनावरांचा बाजार सर्वांस ठाऊक आहे. अशा बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून, एक शब्द न उच्चारतां बैलांचे सौदे ठरत आले. ती रीत पाहिलेल्या माणसाला चॅप्लिनची भुंवई समजावून सांगावी लागत नाहीं. समजावून सांगावें लागतें तें आम्हां पुस्तकी पंडितांनाच.

स्वदेशाभिमानी वाचक विचारतील, आपलें कांहींच नाहीं काय? आहे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१४ सालीं 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदपट काढला होता. त्यांच्या 'कालियामर्दन'मध्यें (१९१९) त्यांची सात-आठ वर्षांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे, आणि त्या कृष्णाच्या खोड्या तर कोणत्याही विलायती लघुपटाच्या शेजारीं पहिल्याच संध्याकाळीं खुशाल दाखवाव्या. पौराणिक म्हणून तो भक्तिभावानें वेगळा काढून ठेवणें, हा त्या पोरीच्या नटखटपणावर अन्याय आहे.

मोठे चित्रपट त्यानंतर. पहिला 'सेफ्टी लास्ट' (१९२३). घड्याळाच्या कांट्याला लोंबकळणारा हॅरॉल्ड लॉइड पाहून उठून जाणारें मूल आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं. मग 'द गोल्ड रश'. तो मात्र १९२५ चाच मिळवावा. १९४२ सालीं चॅप्लिननें त्यांतील पाट्या काढून स्वतःच्या आवाजांत निवेदन घातलें. ती बोलकी आवृत्ति आयती सांपडते म्हणून पुष्कळ जण तीच पाहतात, आणि मूकपट पाहिल्याचें सांगत फिरतात.