धारपांची ‘लुचाई’: नक्कल की निर्मिती?

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘लुचाई’वर ‘स्टीफन किंगची नक्कल’ असा शिक्का मारणे सोपे आहे. किंगची ‘सालेम्स लॉट’ (१९७५) हा तिचा आधार, हे खरेच. पण किंगला तरी कल्पना सुचली कुठून? शाळेत ‘ड्रॅक्युला’ शिकवताना! तो रक्तपिपासू सरदार आपल्या काळातल्या अमेरिकेत अवतरला तर, हा प्रश्न त्याला पडला.

आणि ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकर? १८९० मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी या बंदरगावच्या ग्रंथालयात, वालाचियाविषयीच्या एका जुन्या पुस्तकात, त्याला हे नाव सापडले. तोवर टिपणांत खलनायक होता ‘काउंट वाम्पिर’. (बरे झाले, खोडले!) कादंबरी प्रसिद्ध झाली १८९७ मध्ये.

निफाडसारख्या गावी वाचनालयावर विसंबलेल्या वाचकाला इंग्रजीतला किंग कुठून लाभणार? धारपांनी ते भय त्याच्या भाषेत आणले. क्रूस आणि पवित्र जल मराठी मनाला परके. धारपांच्या कथाविश्वात दुष्ट शक्तींपुढे ‘समर्थ’ उभे ठाकतात. हे निव्वळ भाषांतर नव्हे. तथापि ऋण ते ऋणच, आणि ते नाव घेऊन सांगितले पाहिजे. ‘लुचाई’ वाचावी ती ‘सालेम्स लॉट’ शेजारी ठेवूनच. धारपांनी काय घेतले ते दिसेल, काय टाकले तेही.